जाहिदा नदाफचा पॅच

होटगीच्या शाळेत गुरुजींनी जाहिदा नदाफचं नाव 'उलटतपासणी' ठेवलं होतं. फळ्यावर काही लिहिलं की हिचा हात वर. "असंच का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. गुरुजी चिडायचे, वर्ग हसायचा, पण उत्तर मिळेपर्यंत हात काही खाली यायचा नाही. वडील फकीर नदाफ होटगी जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. त्यांच्याकडे तक्रार गेली की ते म्हणायचे, "सवाल पूछी ना? चोरी तो नै करी." आणि विषय तिथेच संपायचा.

पुढे पोरीनं सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. डिग्रीचा फॉर्म भरायचा तेवढ्यात आईनं अंथरूण धरलं, घर हिच्या अंगावर आलं, आणि डिग्री राहिली ती राहिलीच. पंचविसाव्या वर्षी तिला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मृत्युंजय हिरेमठ यांचा तिथे लहानसा कारखाना होता. शेतातली पाण्याची मोटार घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करायची पेटी ते बनवत. शेतकऱ्यानं फोनवर बटण दाबलं की निरोप कारखान्याच्या सर्व्हरवर जायचा, तिथून रानातल्या पेटीला, आणि पेटी मोटार चालू करायची.

जाहिदाचं काम गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं. बाईमाणूस आहे, गोड बोलेल, असा हिरेमठांचा हिशेब. ती काही फार गोड बोलायची नाही, पण "बघून सांगते" म्हणाली की खरंच बघायची आणि खरंच सांगायची. या बघण्या-सांगण्यापायी तिला पेटीचा प्रोग्राम वाचावा लागला, मग सर्व्हरचा. प्रोग्रामिंग ती पुस्तकांपेक्षा तक्रारींतून जास्त शिकली. चौदा वर्षांत कारखान्यातले पाच इंजिनिअर पुण्याला गेले. जाहिदा मागे राहिली आणि सर्व्हर हळूहळू तिच्या हातात आला. हुद्द्याच्या पाटीवर मात्र 'ग्राहक सेवा' हेच राहिलं.

त्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता उजनीच्या काठावरून फोन वाढले. धरणाचं पाणी मागे हटू लागलं की काठचे शेतकरी पाण्याच्या मागोमाग मोटारी खाली नेतात. गावालगत असलेल्या पेट्या आता दोन-दोन किलोमीटर आत, खोलगट रानात गेलेल्या. तिथे मोबाइलला रेंज जेमतेम एक काडी. सगळ्यात जास्त फोन यायचे ते यशोदाबाई राखुंडे यांचे. साठी ओलांडलेल्या या बाईंची सहा एकर केळी होती आणि आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे.

"आवं ताई, बटण दाबलं की नुसतं गोल फिरतंय. लाइट हाय आठ तास, त्यातलं दोन तास ह्या चकरीतच जात्यात. केळी काय चकरी पिऊन जगनार हायत का?"

"बघून सांगते, काकू."

"बघायला हितं या की मग. फोनातनं काय दिसतंय?"

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जाहिदा जेऊरला उतरली. स्टेशनाबाहेर यशोदाबाई स्वतः ट्रॅक्टर घेऊन आल्या होत्या. मडगार्डवर बसून, लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली. पेटी उघडली, तारा जोडल्या, आणि दुपार होईस्तोवर येणारा-जाणारा एकेक निरोप मोजत बसली. शंभरातले एकसष्टच पोचत होते.

"कुटं अडतंय?" यशोदाबाईंनी भाकरीवर ठेचा ठेवून तिच्यापुढे सरकवत विचारलं.

"काकू, समजा तुम्ही लेकीला चिठ्ठी पाठवली. आत शब्द दोनच, 'मोटार चालू'. पण पाकिटावर दर खेपेला तुमचं नाव, गाव, खापरपणजोबापर्यंतचा पत्ता, वर लेकीच्या सासरचा तेवढाच मोठा पत्ता. पाकीट इतकं जड की पोस्टमनच्या सायकलवर बसेना. म्हणून वाटेत पडतंय."

"येकदा पत्ता म्हाईत झाल्यावर परत परत कशाला ल्ह्यायचा?"

जाहिदा हसली. "तेच तर, काकू. तेच विचारायचंय मला."

निरोप अठ्ठावीस बाइटचा होता आणि त्याच्यावरचं पाकीट सहाशे चाळीस बाइटचं. या पाकिटालाच हेडर म्हणतात. वेबच्या नव्या नियमांत हेडर आवळून पाठवायची सोय होती. दोन्ही टोकांनी एकेक यादी ठेवायची, एकदा येऊन गेलेला मजकूर यादीत नोंदवायचा, आणि पुढच्या खेपेला सगळा मजकूर न पाठवता फक्त नोंदीचा नंबर पाठवायचा. पेटीतल्या मोडेमला हे येत होतं. अडवत होता तो सर्व्हर. जोडणी झाल्या झाल्या तो पेटीला सांगायचा, 'माझ्याकडे यादीला जागा शून्य.' मग पेटी बिचारी दर वेळी सगळा पत्ता लिहीत बसायची.

सर्व्हरचं नाव 'कर्लू'. तो ओपन सोर्स होता, म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगाला उघडा; कुणीही घ्यावा, वापरावा, दुरुस्ती सुचवावी. वेगवेगळ्या देशांतले पाचसहा जण फावल्या वेळात तो सांभाळत. त्यांचा मुख्य युरोपात कुठेतरी राहणारा, स्वतःला नुसतं 'के' म्हणवणारा माणूस. सुचवलेला बदल, म्हणजे पॅच, आत घ्यायचा की नाही हे शेवटी तोच ठरवायचा.

जाहिदा सोलापूरला परतली आणि नियमांची कागदपत्रं छापून घेऊन बसली. रोज पहाटेची नमाज झाली की अब्बांचा चहा होईपर्यंत, आणि कारखान्यात फोन थंड असले की तेवढ्या वेळात. कोणत्या नोंदी यादीत आधीपासून असतात, नवी नोंद कुठे बसते, जागा संपली की जुनी कशी निघते, सगळं तिनं आधी वहीत पेन्सिलीनं चालवून पाहिलं आणि मग कोडमध्ये उतरवलं. सहा आठवड्यांत चौदाशे ओळी झाल्या. चाचण्या लावल्या, नीट इंग्रजीत कारण लिहिलं, आणि एप्रिलच्या मध्यावर पॅच पाठवून दिला.

नकार दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. के यांनी लिहिलं होतं: 'धन्यवाद, पण हे आम्हाला नको. यादी ठेवायची म्हणजे प्रत्येक जोडणीमागे मेमरी खर्च करायची, आणि ती भरायची किल्ली बाहेरच्या माणसाच्या हातात द्यायची. शिवाय असं काही पाठवणारे लोक वर्षभरात दिसेनासे होतात आणि सांभाळणं आमच्या गळ्यात पडतं. हे नवख्याचं काम नव्हे. तुमच्या पेट्यांसाठी दुसरा सर्व्हर बघा. ही चर्चा बंद करत आहे.'

जाहिदानं ते तीनदा वाचलं. मेमरीचा मुद्दा तिला पटण्यासारखा वाटला. गळ्यात पडण्याचाही समजू शकत होता. पण 'नवख्याचं काम नव्हे' या वाक्यावर तिचे डोळे थांबले ते थांबलेच. कोडची एक ओळ न उघडता हे त्याला कसं कळलं?

हिरेमठ केबिनमधून बाहेर आले. "काय करालाव मॅडम? दोन फोन वाजून बंद झाले."

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वाचून त्यांनी हात झटकले. "मग बरंच झालं की ओ! तुमचं काम तयार आहे ना? आपल्यापुरतं आपल्या सर्व्हरवर चालवा. त्यांना द्यायचंच कशाला? आपण मेहनत केली, फुकट का वाटायची?"

"सर, आख्खा कर्लू आपण फुकट घेतला, तेव्हा असं विचारलं होतं का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? उद्या ते लोक कर्लूत दहा बदल करतील. दर बदलाला माझं ठिगळ मीच काढायचं, मीच लावायचं, जन्मभर. आणि असं नेटवर्क काय एकट्या उजनीवरच आहे? ज्यांना हे लिहिता येत नाही त्यांनी चकरीच बघत बसायची?"

"मॅडम, त्यांनी नाही म्हटलंय."

"म्हटलंय. बरोबर आहे असं कुठं सिद्ध केलंय?"

संध्याकाळी घरी अब्बा अंगणात बाजेवर बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. लेकीचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "क्या बोल्या गे वो?"

"नक्को बोल्या."

"तू क्या बोली?"

"अब्बी तक कुछ नै बोली."

फकीर नदाफांनी थोडा विचार केला. "नक्को बोलना उसका हक है. फिरसे पूछना तेरा हक है. पन पूछने के पैले अपना काम उलटा करके देख ले. कच्चा निकल्या तो वो हसेगा."

तिनं तेच केलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या पॅचची शत्रू झाली. सर्व्हरला बुडवायला निघालेला माणूस कसा वागेल याचा विचार करून तिनं एक हल्लेखोर प्रोग्राम लिहिला. यादी भरून वाहील इतके हेडर पाठवायचे, चुकीचे नंबर पाठवायचे, अर्धवट तुकडे पाठवायचे, एकाच क्षणी यादी लहान करून मोठी करायची. कारखान्यातल्या एका जुन्या मशीनवर पॅच लावलेला कर्लू चढवला आणि त्याच्यावर हा प्रोग्राम सोडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हर कोसळला.

चूक शोधायला पुढचा अख्खा दिवस गेला आणि सापडली तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. नवी नोंद करायला जागा कमी पडली की जुनी नोंद पुसायची, हे बरोबर. पण नव्या नोंदीचं नावच त्या जुन्या नोंदीतून उचलायचं असेल तर? तिचा कोड आधी पुसत होता आणि मग पुसलेल्या जागेतून नाव वाचत होता. नाव आधी उतरवून घ्यायचं, मग पुसायचं, एवढीच दुरुस्ती. चार ओळी.

हे गुपचूप सुधारून नवा पॅच पाठवता आला असता, कुणाला कळलंही नसतं. तिनं बंद झालेल्या त्याच चर्चेखाली सगळं उघड लिहिलं: 'माझ्या कोडमध्ये गंभीर चूक होती. ती मीच शोधली. चूक कशी होती, कशानं सापडली आणि आता काय बदललं ते खाली दिलं आहे. हल्ला करणाऱ्या प्रोग्रामचा यादीपुरता भागही जोडला आहे, तुम्हीही चालवून बघा. आणि एका जोडणीला किती मेमरी मिळेल, याची मर्यादा आता सर्व्हर चालवणाऱ्याच्याच हातात ठेवली आहे.'

के यांचं उत्तर आलं: 'प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे. पण यानं माझंच म्हणणं सिद्ध झालं. गुंतागुंत वाढली की चुका येतात. जुना कोड साधा आहे, म्हणून सुरक्षित आहे.'

हे वाचून हिरेमठ म्हणाले, "घ्या. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला."

जाहिदानं ते वाक्य पुन्हा वाचलं. 'जुना कोड साधा आहे, म्हणून सुरक्षित आहे.' असंच का? तिनं जुनं मशीन पुन्हा चालू केलं. त्यावर या वेळी पॅच न लावलेला, के यांच्याकडून आला तसाच्या तसा कर्लू चढवला आणि त्याच्यावर तोच हल्लेखोर प्रोग्राम सोडला. यादीचे सगळे हल्ले वाया गेले, कारण यादीच नव्हती. मग अर्धवट तुकड्यांची पाळी आली. हेडर लांब असलं की ते तुकड्यातुकड्यांनी पाठवता येतं. प्रोग्रामनं तुकडे पाठवायला सुरुवात केली आणि शेवटचा तुकडा पाठवलाच नाही. कर्लू बिचारा एकेक तुकडा साठवत बसला. साठवण्याला पॅचमध्ये होती तशी मर्यादा इथे कुठेच घातलेली नव्हती. चाळीस सेकंदांत मेमरी भरली आणि मशीन आडवं झालं.

तिनं पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा आडवं. तिसऱ्यांदाही.

हिरेमठ खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. त्यांना यातलं सगळं कळत नसलं, तरी एवढं कळलं. "म्हणजे हा जगातला कुठलाही कर्लू आत्ता कुणीही पाडू शकतो?"

"हो."

"अय्यो!" त्यांचे डोळे चमकले. "मॅडम, आता शेंडी आपल्या हातात आली त्याची. लिहा, आधी आमचा पॅच घ्या, मग तुमचं भोक कुठं आहे ते सांगतो."

खोटं कशाला बोला, एक क्षण जाहिदाच्याही मनात ते येऊन गेलं. नवख्याचं काम नव्हे म्हणाला होता. सगळ्यांसमोर त्याच्याच अंगणात त्याला आडवा करता आला असता.

"सर," ती म्हणाली, "आपल्या साडेतीन हजार पेट्या याच सर्व्हरवर चालतात. त्याची शेंडी ती आपलीच शेंडी. आणि मला माझा पॅच चांगला आहे म्हणून आत जायला हवाय. गळा धरून नको."

सुरक्षेच्या तक्रारी खासगीत पाठवायचा वेगळा पत्ता होता. तिनं तिथे सगळं लिहिलं, सोबत मर्यादा घालणारी दुरुस्तीही जोडली. आपल्या पॅचबद्दल त्यात एक अक्षर लिहिलं नाही. दोन तासांत के यांचं उत्तर आलं. आधीच्या पत्रांत असलेली घाई त्यात नव्हती. आठ दिवस दोघांची पत्रापत्री चालली. मग कर्लूची नवी आवृत्ती निघाली, सगळ्यांना ताबडतोब बदलून घ्यायला सांगितलं गेलं. घोषणेत लिहिलं होतं, 'ही त्रुटी भारतातील एका वापरकर्त्यानं कळवली.'

जाहिदानं उलट टपाली लिहिलं: 'वापरकर्त्याला नाव आहे. जाहिदा नदाफ, सोलापूर. आणि दुरुस्तीचा कोडही त्याच बाईनं लिहिला आहे. कृपया घोषणा दुरुस्त करावी.'

अर्ध्या दिवसात घोषणा दुरुस्त झाली.

त्यानंतर तिनं आपल्या पॅचची चर्चा पुन्हा उघडायची विनंती केली. के यांनी लिहिलं, 'तुमच्या तक्रारीबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण त्याचा आणि या पॅचचा संबंध नाही.'

तिनं उत्तर दिलं: 'अगदी बरोबर. काडीचाही संबंध नाही. म्हणून याचं उत्तर वेगळं द्या. पहिलं कारण मेमरी, त्याला मर्यादा घातली आहे. दुसरं कारण साधेपणा, साधा कोडही चाळीस सेकंदांत कोसळताना आपण दोघांनी पाहिला आहे. तिसरं कारण, हे फक्त माझ्या पेट्यांना लागतं. ते खरं की खोटं, मोजून सांगते. मला पंधरा दिवस द्या.'

मे महिना संपत आला होता, पाणी तळाला गेलेलं. जाहिदानं काठावरच्या तीन जागा निवडल्या. प्रत्येक जागी दोन पेट्या शेजारीशेजारी लावल्या. एक जुन्या पद्धतीनं बोलणारी, दुसरी तिच्या पॅचवरच्या चाचणी सर्व्हरशी हेडर आवळून बोलणारी. त्यातली एक जागा अर्थातच यशोदाबाईंची. नऊ दिवस सगळ्या नोंदी झाल्या. उन्हानं लॅपटॉप इतका तापायचा, की यशोदाबाई केळीची ओली पानं त्याच्याखाली अंथरायच्या.

चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ही नवी पेटी परत घिऊन जानार व्हय तुमी?"

"चाचणी संपली की न्यावी लागेल, काकू."

"न्याल कशा? मी हितंच बसते तिच्यावर." आणि त्या खरोखरच पेटीच्या ओट्यावर बसल्या.

जाहिदाला हसू आवरेना. पेटी तिथेच राहिली.

नऊ दिवसांचा निकाल तिनं जसाच्या तसा जोडला. जुन्या पेट्यांचे शंभरातले साठ-बासष्ट निरोप पोचले, नव्यांचे चौऱ्याण्णव. पाकीट सहाशे चाळीस बाइटवरून सरासरी सव्वीसवर आलं. एका जागी वाऱ्यानं तार निसटून अर्धा दिवस वाया गेला होता, तेही तिनं लिहिलं.

मग ज्यांची तिला ओळखदेख नव्हती अशी माणसं त्या चर्चेत बोलू लागली. कुणी डोंगरातल्या हवामान केंद्रांवर कर्लू चालवत होतं, कुणी मासेमारीच्या बोटींवर, कुणी एका बेटावरच्या दवाखान्यात. सगळ्यांचं म्हणणं एकच: आमचंही नेटवर्क असंच आहे, आम्हालाही हे हवंय, मागितलं नव्हतं कारण नाहीच म्हणाल असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी के यांनी एकच प्रश्न विचारला. 'दोन वर्षांनी यात काही बिघडलं तर कोण बघणार?'

'मी,' जाहिदानं लिहिलं.

'सगळे असंच म्हणतात.'

'सगळ्यांचं मला माहीत नाही. मी चौदा वर्षं एकाच टेबलावर बसून लोकांच्या तक्रारी घेते आहे. बिघडलंय म्हणून फोन आला की तो उचलणं, हेच माझं काम आहे. तुमच्यापैकी कुणी इतकी वर्षं हे केलं असेल तर सांगा, मी माघार घेते.'

चर्चा पुन्हा उघडली गेली. पण के यांनी सूट काही दिली नाही. एकेक ओळ तपासून एकाहत्तर शेरे मारले. जाहिदानं त्यांतले अठ्ठावन्न मान्य केले. काही तर इतके नेमके होते की आपल्याला हे कसं सुचलं नाही, असं तिला वाटलं. उरलेले तेरा तिनं नाकारले आणि प्रत्येकाखाली कारण लिहिलं. एका शेऱ्यावरून चार दिवस जुंपली. के म्हणत होते, प्रत्येक नोंदीमागे नियमात सांगितलेले बत्तीस जादा बाइट मोजायची गरज नाही, आपल्या कोडला तेवढे लागतच नाहीत. जाहिदा म्हणत होती, तुम्हाला लागत नसतील, पण समोरचा ते मोजणार. दोघांचा हिशेब जुळला नाही तर यादी केव्हा भरली हे दोघांना वेगवेगळं वाटेल, आणि एकाचा सतरा नंबर दुसऱ्याचा अठरा होईल. तिनं तसं घडवून दाखवलं. के यांनी शेरा मागे घेतला. खाली लिहिलं, 'माझी चूक. मला हे कळायला हवं होतं.'

पॅच ऑगस्टमध्ये आत गेला, पण बंद स्थितीत. ज्याला हवा त्यानं तो मुद्दाम चालू करायचा. सांभाळणाऱ्यांच्या यादीत पॅचच्या फाइलपुढे जाहिदा नदाफ हे नाव आलं. तिनं बंद स्थितीला हरकत घेतली नाही, फक्त विचारलं, 'किती दिवस?' सहा महिन्यांत एकही तक्रार दुरुस्तीविना राहिली नाही तर आपोआप चालू, असं ठरलं. सहा महिन्यांत तीन तक्रारी आल्या. दोन भलत्याच कशाच्या होत्या. तिसरी खरी होती, ती तिनं जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केली. पुढच्या फेब्रुवारीत नव्या आवृत्तीत हेडर आवळणं सगळ्यांसाठी चालू झालं. त्या उन्हाळ्यात उजनीकाठचे फोन निम्म्याहून कमी झाले, आणि हिरेमठांना पेट्या पुरवता पुरवता नाकीनऊ आले.

आता इतकी मागणी आली म्हटल्यावर जाहिरात हवीच. हिरेमठांनी नवं पत्रक छापायला टाकलं आणि कच्ची प्रत मोठ्या हौसेनं तिच्या टेबलावर ठेवली. वर ठळक अक्षरांत होतं: 'सर्वात कमजोर रेंजमध्येही चालणारे, आमच्या कंपनीने स्वतः विकसित केलेले खास तंत्रज्ञान.'

जाहिदानं लाल पेन काढलं आणि त्या ओळीवर सरळ रेघ मारली.

"अहो मॅडम! तुम्हीच केलंय की ते!"

"एक तुकडा मी केलाय. सर्व्हर आपला नाही. एकाहत्तर शेरे आपले नाहीत. बोटीवाल्यांनी साथ दिली नसती तर आजही पडून राहिलं असतं."

"गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. माझं नाव गाळलं तेव्हा मी भांडले होते. आता त्यांचं गाळून गप्प बसू?"

हिरेमठांनी थोडी कुरकुर केली, मग विचारलं, "बरं, काय लिहू?"

"कर्लू या ओपन सोर्स सर्व्हरवर आधारित. जगभरातल्या लोकांनी मिळून केलेला, ज्यात सोलापूरचाही हात आहे." पेनाचं टोपण लावत ती पुढे म्हणाली, "आणि एक, सर. उद्यापासून माझ्या पाटीवर 'ग्राहक सेवा' नको. 'सर्व्हर प्रमुख' लिहा. फोन मी तरीही उचलीन."

नाही म्हणावं असं कुठलंच कारण हिरेमठांना चटकन सुचेना, आणि समोर बसलेल्या बाईला कारण लागणार, हे त्यांना पंधरा वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं.

"लिहितो," ते म्हणाले. पत्रक उचलून ते दारापर्यंत गेले आणि वळले. "ती ओपन सोर्सची ओळ खाली बारीक अक्षरांत टाकली तर चालेल का?"

"नाही चालणार," जाहिदा म्हणाली, आणि वाजणारा फोन उचलला.